लवलेल्या हिरड्यांखालची जागा

देवीला पाणी घालून येईपर्यंत मी बोलत नाही, हा माझा रोजचा नेम. शेखसाहेब पहिल्यांदा आमच्या दारात आले ते नेमके त्याच वेळी. त्यांनी डोंगरावरची वाट विचारली, मी नुसता हात दाखवला. गोठ्यातून माझा मुलगा गोरक्ष म्हणाला, "आई रागावली न्हाई, साहेब. तिचं मौन हाय." साहेब ओट्याच्या कडेला टेकले आणि मी परत येईपर्यंत तेही गप्प बसून राहिले. माणूस तिथंच मला आवडला.

नूरमहंमद शेख नगरचे. कोयनेचा भूकंप होऊन चार वर्षं झाली होती. तसा धक्का आमच्या अकोल्याच्या डोंगरांना बसला, तर कुठल्या उताराची दरड आधी सुटेल, याचा नकाशा ते करत होते. दिवसभर उतार मोजायचे, माती चिमटीत चुरून बघायचे, आणि संध्याकाळी कागदावर पेन्सिलीनं रंग भरायचे. धोक्याचा लाल, भरवशाचा हिरवा.

आमचं नवं घर रानजाई देवीच्या ठाण्याशेजारच्या उतारावर व्हायचं होतं. सून पोटुशी होती, बाळ यायच्या आत छप्पर चढवायचं होतं. त्या उतारावरचे हिरडे बुडाशी खाली वाकलेले. वाडीत त्यांना लवलेली झाडं म्हणतात, देवीला नमस्कार घालणारी. त्यांच्या सावलीत घर म्हणजे भाग्य, म्हणून जागा मीच धरली होती. दगडही येऊन पडले होते.

साहेब त्या उतारावर तीनदा गेले. दुसऱ्याच्या घराचा प्रश्न, म्हणून खड्डा खणूनही पाहिला. मग आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मावशी, ही जागा लाल येतीय."

गोरक्ष तडकला. "देवीला हात जोडनारी झाडं हायेत ती. तुमी काय त्यांना दुखनं लावताय?"

"दुखणं झाडांना नाही, मातीला आहे. ती पावसापावसानं खाली सरकते. झाड बुडाशी कलतं आणि पुन्हा सरळ वर जायला बघतं. म्हणून तो वाक."

"मंग भूकंप कवा हाय, ते बी सांगा."

"ते मला येत नाही. कुणालाच येत नाही." मग माझ्याकडे वळले. "मावशी, तुम्ही रोज जाता. देवीच्या अगदी अंगाला लागून जे हिरडे आहेत, ते कसे आहेत?"

मला सांगता येईना. इतकी वर्षं जाते, पण मान खाली घालूनच.

दुसऱ्या दिवशी पाणी घातलं आणि वर पाहिलं. देवी डोंगरातून पुढं आलेल्या कातळाच्या सोंडेवर बसलेली. तिच्या डोक्यावरचे हिरडे काठीसारखे सरळ. लांबचे लवलेले, आणि जवळचे ताठ? नमस्कारच असता तर आधी हे लवले असते. मी पुन्हा हात जोडले. देवीनं आपलं ठाणं कुठं धरलंय, ते मी आजवर पाहिलंच नव्हतं.

घरी येऊन गोरक्षला म्हटलं, "दगड सोंडेवर न्यायचे."

"कातळावर? तिथं पाया खनता खनता पोरगं शाळंत जाईल, आई."

ओट्यावर बसलेले साहेब हसले. "खणायचा कशाला? पाया आधीच घातलेला आहे. तुम्ही फक्त भिंती उचला."

गोरक्षनं ढिगातला एक दगड उचलून तोलला. "म्हंजे गाडी सोंडेखालपर्यंत जाईल, वर डोक्यावरच न्यावं लागनार," तो म्हणाला. मग सुनेला हाक मारून चुंबळ मागितली.

साहेबांनी माझ्यासमोर नकाशा पसरला. लवलेल्या झाडांच्या जागी लाल रंग भरला, आणि सोंडेवर हिरवा भरताना पेन्सिलीला नव्यानं टोक केलं.