घरी काय ठेवायचं

लायनल ॲपलयार्डने दात घासायच्या ब्रशची दांडी करवतीने अर्धी कापली, तेव्हा हेस्टरची खात्री पटली की आपण खरंच निघालो. बीजिंग ते पॅरिस जुन्या गाड्यांची शर्यत, सदतीस दिवस, १९२८ सालची हॅलिडन गाडी, स्टिअरिंगवर नवरा आणि नकाशावर ती. तीस वर्षं यॉर्कशायरच्या शाळेत तिने गोबीचं वाळवंट फळ्यावर काढलं होतं, दर वर्षी थोडं मोठं. आता ते बघायचं होतं. महिनाभर तिला धड झोप नव्हती आणि त्याबद्दल काही तक्रारही नव्हती.

लायनल हा दातांचा निवृत्त डॉक्टर. भोकं पाडणं हा त्याचा पेशाच. गाडीचं वजन कमी व्हावं म्हणून दीड वर्ष त्याने हँडब्रेकच्या दांड्याला, पेडलना, सीटच्या पट्ट्यांना भोकं पाडली. ड्रिलचा आवाज आला की हेस्टर चमचे लपवून ठेवी. या सगळ्यातून साडेचार किलो वाचले. मग त्याने सुटे भाग भरायला घेतले.

अशा जुन्या गाड्या शर्यतीसाठी तयार करून देणारा सेथ ऑगडेन मात्र एका गोष्टीत कुणाचं ऐकत नसे. बोटीवर चढण्याआधी गाडी सगळ्या सामानासकट, माणसांसकट त्याच्या वर्कशॉपमागच्या खाणीच्या रस्त्यावरून जायलाच हवी. गाडीचं पोट जमिनीला टेकलं, तर सेथ कागदावर सही करत नाही, आणि सही नसेल तर कंटेनर नेणारा ट्रक गाडी घेत नाही. ट्रक आज चारला येणार होता. पुढची बोट शर्यत संपल्यावर होती.

सकाळी दहाला हॅलिडन पहिल्याच उंचवट्यावर म्हशीसारखी बसली.

"एकशे चाळीस किलो जास्त," वजनकाट्यावरचा आकडा बघून सेथ म्हणाला. "साहेब, शर्यतीला निघालाय की हार्डवेअरचं दुकान टाकायला?"

सगळं सामान जमिनीवर मांडलं गेलं. दोन ॲक्सल, डायनॅमो, रेडिएटर, मागच्या चाकांच्या दोन कमानी, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगा, पाण्याचे तीन पंप. शिवाय मुरंब्याच्या सात बरण्या.

"मुरंबा कशाला?" सेथने विचारलं.

"मंगोलियात मिळत नाही," लायनल म्हणाला. हे त्याला पुरेसं कारण वाटत होतं.

"बरं, तो असू दे. पंप तीन?"

"जो भाग बरोबर नेला तो मोडत नाही, सेथ. घरी राहिला तोच मोडतो. सगळ्यांना माहीत आहे."

सेथने मान डोलावली. कारण या धंद्यातल्या सगळ्यांना ते खरंच माहीत होतं. इंजिनिअर, न्यायाधीश, एक निवृत्त बिशप, सगळे या एका गोष्टीवर ठाम होते. त्यामुळे पुढचा दीड तास कुठलाच भाग हलला नाही. हेस्टर घड्याळाकडे बघत चहा पीत राहिली आणि तिच्या डोक्यात हळूहळू काहीतरी पेटलं.

"लायनल," ती म्हणाली, "घरी राहील तेच मोडणार ना?"

"हो."

"नक्की?"

"अगं, कितीदा सांगू?"

"मग काय मोडायचं ते आपणच ठरवू. लोहाराला जमेल, नाहीतर आपल्याला लाकूड आणि साखळीने बांधता येईल, असंच काहीतरी घरी ठेवू. ॲक्सल मोडला तर आपण संपलो, तो बरोबर घ्यायचा. कमानी घरी राहू देत. रेडिएटर कुठलाही कल्हईवाला जोडून देईल."

लायनलने तोंड उघडलं. आयुष्यभर त्याने लोकांची तोंडं उघडवली होती, पण स्वतःचं इतका वेळ उघडं ठेवल्याचं हेस्टरला आठवेना. सेथ मात्र एव्हाना कमानी ओढून बाजूला नेत होता. "बाई," तो म्हणाला, "तुम्ही इतकी वर्षं शाळेत काय करत होतात?"

दोन वाजता वजनकाटा जागेवर आला. अडीचला हॅलिडन पुन्हा खाणीच्या रस्त्याला लागली. पहिला उंचवटा पार झाला, दुसरा झाला. ओढ्याचं पाणी दोन्ही बाजूंना उडालं आणि हेस्टर नकाशा छातीशी धरून हसतच सुटली. चढावर गाडी गुरगुरत वर गेली, आणि उतरताना मागून टण्ण आवाज आला.

डाव्या कमानीचा पाटा तुटला होता.

"बघ," लायनल म्हणाला. त्याला आनंद लपवता येत नव्हता. "मी म्हटलं होतं."

हेस्टरने ऐकलं नाही. जॅक घेऊन ती चिखलात आडवी झाली होती. लाकडाचा ठोकळा, दोन क्लॅम्प, साखळी. "पाना दे. तो नाही, मोठा. बोल नंतर." सेथ धापा टाकत चढून आला, एका दगडावर बसला, आणि खिशातली पेस्ट्री खात घड्याळात वेळ मोजू लागला. मदत केली नाही. चौतीस मिनिटांनी गाडी स्वतःच्या चाकांवर परत वर्कशॉपकडे निघाली, किंचित लंगडत.

पोट कुठेही टेकलं नव्हतं. सेथने गाडीच्या बॉनेटवरच कागद ठेवून सही केली. मग घरी राहणार असलेल्या दोन कमानींतली एक उचलून म्हणाला, "ट्रकवाल्याला चहा पाजा आणि गप्पांत गुंतवा. तासाभरात बसवतो."

ट्रकवाल्याने तीन कप चहा घेतले. हॅलिडन कंटेनरमध्ये चढली. हेस्टरने तिच्या बॉनेटवर हात ठेवला. ते अजून गरम होतं. लोखंडी दार अर्धं लागलं तोच लायनल ओरडला, "थांबा, थांबा."

"आता काय?"

"कमान तर बरोबर चालली. घरी एकच उरली. मोडायला आणखी काहीतरी घरी नको का?" तो आत शिरला, सामानात खुडबुड केली आणि डायनॅमो कवटाळून बाहेर आला. "हा ठेवतो. दिवे गेले तर दिवसा चालवू."

हेस्टरने दार स्वतःच लावलं, त्याला आणखी काही सुचायच्या आत.