आपुलकीचे गुण

"कुठं दुखतंय?" परीक्षकसाहेबांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बाईंच्या पोटात बोटं खुपसली.

"आई गं!" बाई ओरडल्या. ओरडण्याचाच त्यांना पगार होता.

बाई परदेशात शिकलेल्या डॉक्टर. इथल्या परवान्याची लेखी परीक्षा त्यांनी झटक्यात काढली. प्रात्यक्षिकात मात्र याच साहेबांनी चारदा नापास केलं. शेरा दर वेळी एकच: पेशंटशी आपुलकी कमी. पाचव्यांदा बसायचं त्राण उरलं नाही, तेव्हा त्याच परीक्षेत खोट्या पेशंटची, म्हणजे उमेदवारांपुढे दुखण्याचं सोंग करायची, जागा निघाली. बाईंनी ती धरली.

"डॉक्टर व्हायला निघालीस आणि पेशंट होऊन आलीस की गं!" नवरा म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. खाटेवर पडून वाट बघत राहिल्या.

आणि यंदा नवा नियम निघाला: उमेदवारांना तपासण्याआधी परीक्षकांनी स्वतः ती परीक्षा द्यायची, आणि आपुलकीचे गुण पेशंटनेच द्यायचे. त्यात नापास, तर सगळ्यातच नापास. नियम करणाऱ्याच्या तोंडात साखर पडो, असं बाईंना अगदी मनापासून वाटलं.

साहेबांनी निदान अचूक केलं, घड्याळाकडे बघत. "अपेंडिक्स. ऑपरेशन करावं लागेल."

"डॉक्टर, मला भीती वाटते हो." एवढं बाईंना पढवलेलं होतं. पुढचा हुंदका त्यांनी पदरचा घातला.

"त्यात भिण्यासारखं काय आहे? रोज होतात."

बाई उठून बसल्या, डोळे पुसले आणि आपुलकीच्या रकान्यात शून्य दिलं. पहिल्यांदा ते जरा वाकडं आलं, म्हणून पुन्हा गिरवलं. छान गोल.

"अहो, निदान बरोबर आहे!"

"अगदी बरोबर, सर."

"मग चुकलं कुठं?"

"पेशंटशी आपुलकी कमी. सहा महिन्यांनी या."

"मी कोण आहे, ठाऊक आहे का?"

"आहे ना. आणि मी?"

साहेबांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ओळख काही पटली नाही.

ते बाहेर आले. बाकावर परदेशातून शिकून आलेले उमेदवार खेटून बसले होते. साहेबांचा चेहरा बघून दुसऱ्या केंद्रावरून इथं आलेला एकजण सरकला.

"बसा काका. कितवी खेप?"

"पहिलीच."

"मग एवढं काय मनाला लावून घेताय? माझी सहावी."

आत बाईंनी हे ऐकलं. चादर गळ्यापर्यंत ओढून त्यांनी पुढच्यासाठी कण्हायला सुरुवात केली.