घरजावई

दुसऱ्याने केलेला बोर्ड उघडला की आधी त्याच्या नावाने दोन शिव्या हासडायच्या, हा वायरमन लोकांचा जुना रिवाज आहे. "कोणत्या गाढवाने केलंय हो हे काम?" एवढं म्हटलं की घरमालक खूश, कारण गाढव आपण नाही हे त्याला कळतं, आणि वायरमनही खूश, कारण गाढव तो नाही हे मालकाला कळतं. धाकट्याने गेल्या बारा वर्षांत शेकडो घरांत ही शिवी दिली होती. ती कुणाला जाऊन लागते, याचा विचार करायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

त्याला धाकटा म्हणत, कारण त्याच्या आधी थोरला होता. दोघा भावांचं एकच दुकान. वडील गेले तेव्हा धाकटा सात वर्षांचा. थोरल्याने त्याच आठवड्यात शाळा सोडली आणि हातात पक्कड घेतली. धाकट्याला मात्र त्याने शिकवलं, कोर्स करायला लावला, सर्टिफिकेट फ्रेम करून दुकानात टांगलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं. "हा पुस्तकातला वायरमन, मी भिंतीतला," असं तो म्हणायचा. धाकट्याला दादापुढे मान वर करून बोलायची सवयच नव्हती आणि तशी कधी गरजही पडली नव्हती.

तर त्या सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात धाकटा गिझरचा पॉइंट बघायला गेला. दार उघडलं ते घरातल्या सुनेने. पस्तिशीची बाई, पण चालणं असं की पायांचा आवाज झाला तर कुणी ओरडेल. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. मुलगा कामावर गेलेला.

"हे बाथरूम दोन वर्षं बंदच आहे," सून हळू आवाजात म्हणाली. "पाणी गॅसवरच तापवतो. पण आईंचे गुडघे दुखतात, मागच्या बाथरूमची पायरी उंच पडते त्यांना. म्हटलं, हेच सुरू करून घ्यावं."

"बंद का ठेवलं?" धाकट्याने सहज विचारलं.

उत्तर खुर्चीतून आलं. "आमचे हे तिथेच गेले. हृदयाचा त्रास होता. साडेसातची गोळी चुकली की मला धडधडतं म्हणायचे. त्या दिवशी आमच्या सूनबाईंनी गोळी दिलीच नाही. विसरल्या. आठला आम्ही दार तोडलं."

परक्या माणसासमोर, पहिल्या पाच मिनिटांत, इतक्या सरावाने ते सांगितलं गेलं की धाकट्याला कसंनुसं झालं. गॅस आला नाही, पेपर आला नाही, तसं सांगणं. सुनेने मान खाली घातली नाही. तिने फक्त बाथरूमची कडी काढली.

आत कोंदट वास होता. लोखंडी पाइप, त्यावर जुन्या घाटाचा जाड नळ, वर गिझर. धाकट्याने बाहेरचं बटण चालू केलं. गिझरवरचा लाल दिवा काही लागला नाही. पाच मिनिटांनी पाइपला हात लावून बघावा म्हणून तो पुढे झाला, आणि केवळ सवयीने आधी टेस्टर लावला.

टेस्टर लागला. झगझगीत लागला.

त्याने हात मागे घेतला आणि बटण बंद केलं. मग सॉकेटचं झाकण खोललं, त्यावरचा जंक्शन बॉक्सही खोलला. बॉक्समध्ये न्यूट्रलची, म्हणजे करंटच्या परतीची काळी वायर स्क्रूतून सुटून बाजूला पडली होती, टोक जळून कोळसा झालेलं. आणि खाली सॉकेटमध्ये, जिथे जमिनीतून आलेली अर्थिंगची हिरवी वायर असायला हवी, तिथे हिरवी वायरच नव्हती. दोन बोटं लांबीचा लाल वायरचा तुकडा होता, एक टोक अर्थिंगच्या पिनला, दुसरं शेजारच्या न्यूट्रलला. छान वळवून, व्यवस्थित घट्ट केलेला.

हा तुकडा बसवला की तपासणीचा दिवा लागतो, आणि अर्थिंग आहे असं सगळ्यांना वाटतं. भिंत फोडायला नको, खड्डा खणायला नको. न्यूट्रल जागेवर आहे तोवर काही होत नाही, वर्षानुवर्षं होत नाही. पण वर कुठे न्यूट्रल सुटली की करंट गिझरमधून पुढे येतो, परतीचा रस्ता बंद बघतो, आणि या दोन बोटांच्या तुकड्यावरून वळून गिझरच्या पत्र्यात, पाइपात आणि नळात येऊन बसतो. पाणी मात्र तापत नाही.

"च्यायला! घरजावई," धाकट्याच्या तोंडून निघालं.

"काय म्हणालात?" सून दारातच उभी होती.

"काही नाही वहिनी. आमच्यात या तुकड्याला म्हणतात तसं."

ती पहिल्यांदाच किंचित हसली. "गिझर बसवला त्या माणसानेही हेच म्हटलं होतं. 'काका, बिनधास्त अंघोळ करा, घरजावई बसवलाय.' बाबांना इतकं हसू आलं! मला म्हणाले, बघ, आम्हाला मुलगी नाही, पण जावई मिळाला. मग कितीतरी दिवस अंघोळीला जाताना म्हणायचे, जावयाकडे जाऊन येतो."

धाकट्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. आमच्यात म्हणतात, असं तो म्हणाला खरा, पण त्या 'आमच्यात' दोनच माणसं होती. हे नाव थोरल्याने ठेवलेलं. अर्थिंगने खरं तर घराबाहेर पडून जमिनीत जायला हवं. हा पठ्ठ्या न्यूट्रलच्याच घरात राहतो आणि तिथलंच खातो, म्हणून घरजावई. कोर्स करून आल्यावर धाकटा या एका गोष्टीवरून दादाशी भांडला होता, आयुष्यात एकदाच. "सोडलं बाबा, तुझ्या पुस्तकाची शपथ," असं दादा तेव्हा म्हणाला होता.

"गिझर कधी बसवला होता, वहिनी?"

"नऊ वर्षं झाली."

भांडण झालं त्याला बारा झाली होती.

"तुम्ही ओळखता त्यांना?" तिने विचारलं.

"नाही," धाकटा म्हणाला.

सामान आणतो असं सांगून तो जिन्यात आला आणि त्याने दुकानात फोन लावला. थोरल्याने दुसऱ्याच रिंगला उचलला. धाकट्याने एका दमात सगळं सांगितलं.

"पिवळ्या दाराचं घर?" थोरल्याने विचारलं. "म्हातारा गप्पिष्ट होता एकदम. मला बसायला खुर्ची दिली होती त्याने. वायरमनला कोण देतं खुर्ची?"

"दादा, तो गेला."

"हार्टने गेला ना? डॉक्टरने लिहून दिलंय ना? मग तू काय डॉक्टरचा बाप आहेस का?"

"नळ अजून जिवंत आहे. मी आत्ता बघितलं."

मग थोरला बोलला, पण आवाज त्याचा वाटत नव्हता. "त्या इमारतीत जमीन कुठली रे? सगळा खडक आहे. खड्डा खणू तरी कुठे? लोकांना आजच्या आज गिझर पाहिजे असतो." "तू तो तुकडा काढ. नवी वायर ओढ, चांगली खालपर्यंत ने. आणि गप्प निघून ये. गेलेला माणूस काही परत येत नाही. ऐकतोयस ना? आतापर्यंत काही मागितलं नाही मी तुझ्याकडे."

हे खरं होतं. दादाने खरोखरच कधी काही मागितलं नव्हतं. धाकटा जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. तुकडा खिशात टाकायचा, काम चोख करायचं, आणि दादाचं नाव वाचवायचं. कुणाला पत्ता लागला नसता. त्याने तसंच ठरवलं आणि तो वर गेला.

वर गेला तेव्हा सासूबाईंच्या गोळीची वेळ झाली होती. सून पाण्याचा पेला घेऊन खुर्चीपाशी उभी होती. तिने गोळी तळहातावर ठेवून दाखवली. मग रिकामं पाकीट दाखवलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या चौकटीत खूण केली आणि बाजूला सरकली, म्हणजे सासूबाईंना खूण दिसावी. सासूबाईंनी चष्मा लावून खूण बघितली, आणि मगच गोळी गिळली. कॅलेंडरवर रोज तीन खुणा होत्या. दोन वर्षं हे असं चाललं असणार, दिवसातून तीन वेळा, आणि त्यात ना एकीला काही वावगं वाटत होतं, ना दुसरीला.

धाकट्याला भडभडून आलं. आपण तिच्या तोंडावर खोटं बोललो, आणि आता पैसे घेऊन जिना उतरलो तर ही बाई मरेपर्यंत खुणा करत राहील.

"आजी," तो म्हणाला, "मला थोडं सांगायचंय. वहिनी, तुम्हीही ऐका."

त्याने तो लाल तुकडा त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवला आणि सोप्या शब्दांत सांगितलं. अर्थिंग नव्हतं, वायर सुटली होती, नळात करंट उतरत होता, आजही उतरतोय. "मी डॉक्टर नाही. पण ओल्या अंगाने त्या नळाला हात लावलेला माणूस, हृदय कितीही चांगलं असलं तरी वाचला नसता. गोळीचा काही संबंध नाही, आजी. दिली असती तरी हेच झालं असतं."

सून भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली.

"आणि मघाशी मी खोटं बोललो. हे काम माझ्या थोरल्या भावाने केलंय. नाव, पत्ता लिहून देतो. तुम्हाला काय करायचं ते करा."

आता आरडाओरडा होईल, शिव्या पडतील, अशी त्याने मनाची तयारी केली होती. पण सासूबाई त्या तुकड्याकडेच बघत होत्या. भावाचं नाव त्यांनी ऐकलं की नाही, कुणास ठाऊक.

"करंट कधी यायचा नळात?" त्यांनी विचारलं. "बटण चालू असलं तरच?"

"हो."

"बंद असलं की नाही?"

त्यांचे प्रश्न कुठे चालले आहेत हे धाकट्याला त्या क्षणी कळलं. जिन्यात सुचलं नव्हतं, आता मात्र वाटलं, बोललो नसतो तर बरं झालं असतं. काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून न्यावी असंही वाटलं. पण त्या त्याच्याकडे टक लावून बघत होत्या.

"नाही," तो म्हणाला.

"रोज मी बटण बंद करायची आणि मगच त्यांना आत पाठवायची," सासूबाई म्हणाल्या. "रोज. कधी म्हणजे कधी चुकले नाही. त्या दिवशी आतून ओरडले, पाणी गारच आहे गं. मी बटण पुन्हा चालू केलं. म्हटलं, राहू दे चालू. दोन मिनिटांत तापेल."

ते पाणी दिवसभर बटण चालू ठेवलं असतं तरी तापलं नसतं, हे धाकट्याला ठाऊक होतं. हे सांगून काही उपयोग होईल का, ते मात्र त्याला कळेना. सासूबाईंनी खुर्चीचे दांडे घट्ट धरले होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, फार वाईट दिसत होते ते डोळे.

सून उठली. तिने पदराने तोंड पुसलं, खुर्चीपाशी गेली, गुडघ्यांवर बसली आणि सासूबाईंचे हात आपल्या हातांत धरले.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही काही मुद्दाम केलं नाहीत."

दोन वर्षांत एवढंसं वाक्य त्या घरात तिला स्वतःला एकदाही कुणी म्हटलं नव्हतं.