झाकणातला खड्डा

आमच्या मुलाला सगळे पाणसळ म्हणतात. पाणसळ म्हणजे ती काचेची नळी, जिच्यातला बुडबुडा बरोबर मध्ये आला की गवंडी सुटकेचा निःश्वास टाकतो. मुलगा फरश्या बसवतो आणि ती नळी कायम त्याच्या खिशात असते. घराची किल्ली विसरून तो कितीदा तरी जिन्यात बसून राहिलाय, पण पाणसळ विसरला असं कधी झालं नाही. रात्री आधी ती उशीवर ठेवतो. बुडबुडा मध्ये आला तर डोकं टेकतो, नाहीतर उशीला गुद्दे घालत बसतो.

आमचं जेवणाचं टेबल एका पायात डुगडुगायचं. त्याने दुसरे तीन पाय जरासे कापले. मग तो पहिला लांब वाटायला लागला, तो कापला. मग पुन्हा ते तीन. आज आम्ही त्या टेबलाभोवती जमिनीवर मांडी घालून जेवतो. पण डुगडुगत नाही, हे मान्य करायला हवं.

सूनबाईचं काम वेगळं. न बांधलेल्या इमारती ती कॉम्प्युटरवर बांधते आणि बघणाऱ्याला त्यांतून फिरवून आणते. बसायची जागा म्हणजे न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधलं बोळकांडं. कपडे धुण्याच्या मशीनवर फळी टाकली की झालं ऑफिस. मशीन पिळायला लागलं की तिच्या इमारतींना भूकंप! त्या दिवसांत तिच्याकडे एका नाट्यगृहाचं काम होतं. प्रेक्षक दार ढकलतो, आत येतो, रांगांमधून चालत रंगमंचापर्यंत जातो, अशी फिल्म तिला करायची होती. ठरल्या दिवशी सकाळी ती बांधकाम कचेरीत दाखवायची, आणि पसंत पडली तर तिथेच कायमची नोकरी. वर खिडकी असलेली स्वतःची खोली. खिडकी! तुमच्या-आमच्या लेखी खिडकी म्हणजे भिंतीतलं भोक. जिने वर्षानुवर्षं साबणाच्या फेसाकडे बघत काम केलंय तिला विचारा.

घोडं अडलं होतं ते दारात. पडद्यावरचा प्रेक्षक दारापर्यंत यायचा, दाराला हात लावायचा, आणि कॉम्प्युटर तापून गप्प व्हायचा. पुन्हा सुरू करा, पुन्हा प्रेक्षक दारात. मी जन्मभर लॉन्ड्रीचा बॉयलर सांभाळलाय, उष्णता म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये; पण त्या पेटीपुढे मीही हात टेकले. तिच्यावर वाळत घातलेला माझा मोजा संध्याकाळी घडी करायला गेलो तर कडकन मोडला. त्या वर्षी थंडी आमच्या घरात आलीच नाही, दारावरून चौकशी करून परत गेली. शेजारणीचा बोका तर बाडबिस्तरा घेऊन पेटीवर राहायलाच आला. तिथे त्याला पिल्लं झाली असं काही मी म्हणणार नाही. कुठेतरी थांबावं माणसाने.

शेवटी, फिल्म दाखवायच्या आदल्या दिवशी सकाळी, कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. आम्ही त्याला डॉक्टर म्हणतो, कारण तो येतो, च्‌ च्‌ करतो आणि घाईत असतो.

त्याने पेटी उघडली. आतून एवढी धूळ निघाली की एक उशी भरली असती. मग त्याने पंखा लावलेला धातूचा जड ठोकळा उचलला. "हा कूलर," तो म्हणाला. "आणि खाली हे चौकोनी चकचकीत दिसतंय ना, ते प्रोसेसरचं झाकण. कॉम्प्युटरचा मेंदू याच्या आत. मेंदू तापतो, झाकण ती उष्णता पसरवतं, कूलर ती ओढून घेतो. दोघांच्या मध्ये ही मलमासारखी पेस्ट, म्हणजे हवा राहत नाही."

त्याने जुनी पेस्ट पुसली, नवी लावली. आणि जाता जाता, देव त्याचं भलं करो, एक वाक्य बोलला.

"झाकणाला मध्ये जरा खड्डा आहे. असतो तसा. चालतं."

पाणसळ तेव्हा चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला.

"खड्डा?"

"केसाएवढा हो. चालतं!" डॉक्टर जिना उतरलासुद्धा.

आता 'चालतं' हा शब्द आमच्या मुलाला शिवीसारखा लागतो. तेवढ्यात सूनबाईने कॉम्प्युटर सुरू करून पाहिला. प्रेक्षकाने दार ढकललं, आत आला, चांगल्या तीन रांगा चालून गेला. पेटीवरचा बोका दचकून उठून बसला. सूनबाईने टाळी वाजवली, फिल्म थांबवली आणि पिशवी घेतली. नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं कापड नक्की कोणत्या रंगाचं, ते विचारायला तिला कचेरीत जायचं होतं. दारातून वळून ती नवऱ्याला म्हणाली, "हात लावायचा नाही."

"मी कशाला लावतोय?"

"तुझा हात खिशात गेलाय."

"तो असाच गेलाय."

ती गेली. दोनच घोट चहा पिऊन हा उठला, पेटी उघडली, कूलर काढला, पेस्ट पुसली आणि झाकणावर पोलादी पट्टी उभी धरून डोळा लावला. मग मला हाक मारली. आवाज असा, की बाथरूममध्ये साप दिसलाय.

"बाबा! पट्टीखालून उजेड दिसतोय!"

"दिसू दे की. उजेडच आहे, चोर नाही."

"मध्ये खड्डा, कडेला उंच! अशी फरशी मी बसवली तर लोक मला चपलेने मारतील."

"त्याच्यावरून कुणी चालणार आहे का रे?" ही स्वयंपाकघरातून ओरडली. ही म्हणजे आमची मंडळी.

पण तोवर त्याने हिच्या कपाटाचा आरसा काढला होता. घरात सपाट म्हणावी अशी तेवढीच वस्तू. त्यावर पॉलिश पेपर अंथरला, पाणी शिंपडलं, प्रोसेसर उपडा धरला आणि घासायला लागला. खर्र खर्र. आधी त्यावरचं नाव गेलं. मग नंबर गेला, मग कुठे जन्मला तेही पुसलं गेलं. शेवटी पट्टीखालून उजेडाचा कणही दिसेना. पठ्ठ्याचे डोळे भरून आले.

"बघा बाबा, आता दाढी करावी यात."

त्याने सगळं जागच्या जागी बसवलं आणि बायको यायच्या आत फिल्म सुरू केली. प्रेक्षक दारापर्यंतही पोचला नाही. फाटकाबाहेरच, रस्त्यात, एक पाय उचललेला असा थिजला. पेटीतून धग यायला लागली. उतरू की नको म्हणून विचारात पडलेल्या बोक्याने पाय ताणले, पोट वर केलं आणि घोरायला लागला.

आणि नेमकी त्याच वेळी सूनबाई दारात. तिने एकदा बोक्याकडे पाहिलं. बाकी काही विचारावं लागलं नाही.

"काय केलंस?"

"खड्डा काढला."

"कुणी सांगितलं होतं?"

"अगं, उजेड दिसत होता."

"आता अंधार दिसतोय! उद्या सकाळी मी काय दाखवू? फाटकाबाहेर तंगडी वर करून उभा असलेला माणूस?"

पाणसळचं तोंड उतरलं. त्याने गुपचूप डॉक्टरला फोन लावला, आणि सूनबाईने तो हिसकावून सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"सपाट केलंत?" डॉक्टर ओरडला. "अहो, कूलरच्या बुडावरून बोट फिरवा जरा! पोट आहे त्याला."

"पोट?"

"मुद्दाम दिलेलं. या झाकणांना मध्ये खड्डा असतो हे कूलरवाल्यांना ठाऊक असतं, म्हणून ते बूड फुगीर ठेवतात. खड्ड्यात पोट बसायचं. आता पोट मध्येच टेकलंय आणि कडा हवेत!"

"पण मग आधी का तापत होता?"

"धुळीनं! ती मी सकाळी काढली. काम झालं होतं तुमचं."

पाणसळने हळूच कूलर उचलला, त्याच्या बुडावर पट्टी धरली, आणि त्याच्या डोळ्यांत पुन्हा ती चमक आली. "हेही घासून टाकतो. जरासंच."

"टेबल आठव!" आम्ही तिघंही एका सुरात ओरडलो.

"नवीन कूलर आज मिळायचा नाही," फोनमधून डॉक्टर म्हणाला. "कॉम्प्युटरबरोबर कंपनीचा एक साधा, छोटा कूलर आला असेल. त्याचं बूड सपाट असतं. कोकलेल फार, पण रात्रभर ओढेल. अर्थात तो आता कोण ठेवतं म्हणा."

"मी ठेवते," ही म्हणाली.

ही काहीही टाकत नाही. आजवर यावरून मी तिला जे जे बोललो असेन ते सगळं याच जागी गिळतो. ओट्याच्या कोपऱ्यात एक गोल, पात्यापात्यांची वस्तू होती; तिच्या पात्यांमध्ये ही चमचे उभे करून निथळत ठेवायची. मी समजत होतो चमच्यांचाच स्टँड आहे. हिने चमचे उपसले, वस्तू फडक्याने कोरडी केली आणि मुलापुढे धरली.

"माझ्या डब्यांची पोचे आलेली झाकणं तू अशीच ठोकून सरळ केली होतीस. एक तरी बसतं का आता? झाकणानं सरळ असायचं नसतं मेल्या, बसायचं असतं. धर."

पट्टी लावली. उजेड नाही. पेस्ट लावली, कूलर बसवला, फिल्म सुरू केली. पंखा असा कोकलायला लागला की आम्ही सगळे बोळकांड्यात उभं राहून एकमेकांशी ओरडून बोलत होतो. पडद्याकडे मात्र कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे बोक्याकडे बघत होतो.

बोक्याने एक डोळा उघडला. कूस बदलली. पंज्याने पेटी चाचपली. मग उठला, गरम पाणी बंद केलेल्या भाडेकरूने घरमालकाकडे बघावं तसं आमच्याकडे बघितलं, आणि शेपूट उभारून चालता झाला.

सूनबाईने हिला मिठीच मारली. तिकडे प्रेक्षकाने दार ढकललं आणि चालायला लागला.

"अगं," पाणसळ पडद्याजवळ जाऊन म्हणाला, "ही जमीन उतरती आहे."

"नाट्यगृह आहे ते! मागच्याला दिसायला नको?"

"पण बुडबुडा कुठल्या कुठे जाईल!"

सूनबाईने त्याच्या खिशात हात घातला, पाणसळ काढली आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकली. सकाळी पर्ससकट ती कचेरीत गेली.

खिडकी मिळाली. खोलीसकट. एवढंच नाही, तिथल्या साहेबांनी विचारलं, उतरत्या जमिनीवर नीट फरशी बसवणारा कुणी माहितीत आहे का? आमच्या सूनबाईने क्षणभरही विचार न करता नवऱ्याचं नाव सांगितलं. सूड म्हणतात तो हा.

आता ते नाट्यगृह बांधून होत आलंय, आणि परत मिळालेली नळी खिशात घालून पाणसळ तिथे जातो. परवा मी बघायला गेलो होतो. प्रत्येक फरशी उतरती, आणि प्रत्येक फरशीवर बुडबुडा मात्र बरोबर मध्ये! मी चक्रावलो. खाली वाकून पाहिलं, तर नळीखाली त्याने लाकडाची एक पाचर ठेवली होती, उताराइतकीच तिरकी.

"लाकूड कुठलं रे?" मी विचारलं.

"टेबलाच्या पायाचा तुकडा," तो म्हणाला. "आईने ठेवला होता."