खुर्चीमागचा माणूस

“हे पुसलं जात नाहीये. तुमच्या मशीननं काहीतरी लपवून ठेवलंय,” भिंगकाका म्हणाले.

संगणकाच्या वर्गात शिकवणारी मुलगी त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. दहा मिनिटं काका मोटारीच्या फोटोतला एक ओरखडा खोडत होते आणि ओरखडा जागचा हलत नव्हता.

“काका, तुम्ही वरच्या थरावर खोडताय. ओरखडा खालच्या थरात आहे. आधी तो थर निवडा.”

“म्हणजे दिसतं एकीकडे आणि असतं दुसरीकडे?”

“हो, तसंच काहीसं.”

“वाटलंच मला,” काका म्हणाले आणि त्यांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

एका विमा कंपनीच्या तपासणी विभागात एकतीस वर्षं काढलेला हा माणूस. लोक नुकसानीचे फोटो पाठवत, काका ते भिंगातून बघत. जुनाच चेपलेला दरवाजा नव्या अपघातात घुसवलेला असला की काकांनी तो पकडलाच. जो फोटो निर्मळ निघे, त्याच्या कोपऱ्यात ते लाल पेन्सिलीनं लिहीत : पडताळला, खरा. खाली सही. अशा सह्या त्यांनी फार केल्या नाहीत. घरीही तीच तऱ्हा. डॉक्टरनं ताप नाही म्हटलं तर हा गृहस्थ डॉक्टरचाच थर्मामीटर झटकून पुन्हा लावायला सांगणार. बायकोनं केव्हाच हात टेकले होते.

पण गेल्या वर्षी एका कारखान्याच्या आगीच्या फोटोवर काकांनी ‘खरा’ लिहिलं आणि आग निघाली संगणकावर लावलेली. तेव्हा साहेबांनी त्यांना या फोटो-दुरुस्तीच्या वर्गाला धाडलं. आपल्याला घरी बसवायचा हा डाव आहे, अशी काकांची खात्री होती. शिकवणाऱ्या मुलीचा तर त्यांना पहिल्या दिवसापासून संशय होता. केलेलं काम एक बटण दाबून न केल्यासारखं करता येतं, हे ती इतक्या आनंदानं सांगायची की त्यांना तिची काळजीच वाटे.

पाचव्या शनिवारी ती म्हणाली, “आज घरचा फोटो घ्या. जुना, डाग पडलेला.”

काकांनी पाकिटातून फोटो काढला. हा फोटो त्यांच्या ऑफिसच्या टेबलावर काचेखाली असायचा. आईचा पंच्याहत्तरावा वाढदिवस. मधे खुर्चीत आई, बाजूला ताई, तिचे यजमान आणि पोरंबाळं, आणि खुर्चीमागे काका, आईच्या खांद्यावर हात ठेवून. त्यानंतर पाच महिन्यांनी आई गेली. तुम्हाला घरासाठी वेळ नाही, असं कुणी म्हटलं की काका काचेवर टिचकी मारत. “जळालेलं गोदाम तसंच टाकून गेलो होतो त्या दिवशी.” जगात संशयाबाहेर असलेली त्यांची एवढी एकच वस्तू होती.

मुलीनं फोटो संगणकावर चढवून दिला. काकांना भिंतीवरचा पिवळा डाग काढायचा होता. त्यांनी भिंत मोठी केली, आणखी मोठी केली, आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

खिडकी डावीकडे होती. सगळ्यांच्या सावल्या उजवीकडे पडल्या होत्या. खुर्चीमागच्या माणसाला सावलीच नव्हती.

त्यांनी हात मोठा करून पाहिला. चार बोटं खांद्यावर होती, पण साडीला त्या जागी एक चुणीही पडलेली नव्हती.

“अरे वा, सफाईचं काम आहे,” मुलगी मागून म्हणाली. “हा माणूस नंतर चिकटवलाय. कोण आहेत हे?”

“मी,” काका म्हणाले.

जिन्यात जाऊन त्यांनी ताईला फोन लावला.

“ताई, आईच्या पंच्याहत्तरीला मी होतो ना?”

“हे काय मधेच?”

“होतो की नव्हतो?”

“दुसऱ्या दिवशी आलास रे. सकाळी. गोदामाचं काम आटोपून. अंगाला धुराचा वास येत होता तुझ्या.”

“आणि फोटो?”

“आईला तुझ्यासकट फोटो हवा होता. एका लग्नातला तुझा खुर्चीवर हात ठेवून उभा असलेला फोटो होता, तो स्टुडिओत देऊन बसवून घेतला. तुला पाठवताना धाकधूक होती मला. म्हटलं, याची नजर, लगेच पकडणार आणि माझ्या नावानं शंख करणार. तू तर म्हणालास, छान आलाय. पुढे पुढे तूच गोदाम सोडून आल्याचं सांगायला लागलास. मग मी कुठल्या तोंडानं बोलू?”

“आईला माहीत होतं?”

“तिच्यासमोरच काढलेला ना फोटो! हातात घेऊन बघत बसली. मग स्वतःचा खांदा चाचपला आणि म्हणाली, असू दे, छान दिसतोय. त्याला नको काही बोलूस, वाईट वाटेल त्याला.”

काकांनी फोन खिशात ठेवला. एकतीस वर्षं लोकांचा खोटेपणा शोधला आणि स्वतःचा रोज काचेखाली ठेवून वर टिचक्या मारल्या. त्यांना ताईचा राग आला नाही. लाज वाटली, आणि आईला आता काहीच सांगता येणार नाही याचं फार वाईट वाटलं.

ते वर्गात परतले तेव्हा मुलीनं फोटो तसाच उघडा ठेवला होता. “काका, सावली घालून देऊ? पाच मिनिटांचं काम आहे. मग कुणालाच कळणार नाही.”

“नको. माणूस काढायचा कसा, ते सांगा.”

तिनं एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि कडेकडेनं रेघ कशी ओढायची ते दाखवलं. पहिल्या खेपेला एक कान मागे राहिला. परत फिरवलं, पुन्हा ओढलं. यावेळी आधी कुठला थर निवडलाय ते त्यांनी दोनदा तपासलं. खांद्यावरची बोटं सगळ्यात शेवटी काढली. माणूस गेला, आणि तिथे करड्या-पांढऱ्या चौकटींची जाळी उमटली.

“हे काय?”

“इथे काहीच नाही, असा त्याचा अर्थ. भिंत ओढून भरून टाकू?”

“राहू द्या तसंच.”

आता फोटोत बघण्यासारखी आईच होती. बाकी सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते, ती जरा बाजूला बघत होती. फोटोग्राफरनं घाई केली, असं काका इतकी वर्षं म्हणत आले होते. त्यांनी खिडकी पाहिली. ती खोली त्यांना पाठ होती. खिडकी डावीकडे, म्हणजे उजवीकडे, आई बघत होती तिकडे, बाहेरचं दार.

सोमवारी काचेखाली नवा फोटो होता. शेजारचा कारकून वाकून बघायला लागला.

“भिंगकाका, हे मागे भोक कसलं पडलंय?”

काकांनी काच उचलली, फोटो बाहेर काढला आणि कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं लिहिलं : पडताळला, खरा. सही करायला मात्र त्यांना बराच वेळ लागला.