नव्या बटणाला गूळ

मित्रांनो, माझ्या काळ्या डोक्यावर बारीक बारीक खळगे आहेत. ते गंजाचे नाहीत आणि मला कुणी दगडाने ठेचलेलंही नाही. ते राजनंदिनीच्या दातांचे आहेत. तिला दात येत होते तेव्हा घरातलं एकही खेळणं तिला चालत नसे, मीच लागे. तिची आई सविता मला तिच्या मुठीतून हळूच सोडवून घेई, ओढणीला पुसे आणि म्हणे, "दे गं माझी बाय, गाडी निघायचीय." मग तशीच ओलसर मी कुलपात जाई. मी एका जुन्या पांढऱ्या व्हॅनची चावी आहे.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. एका यंत्राने माझ्या पात्याला दाते पाडले, एवढंच. आम्ही दोघी जुळ्या होतो. माझी बहीण तळेगाव ढमढेऱ्याच्या आठवडे बाजारात कांद्याच्या ढिगाजवळ पडली, ती परत सापडली नाही. तेव्हापासून या गाडीला मी एकटीच.

तळेगावात आमचे मालक बाळासो होते. व्हॅनमध्ये मागे वांगी, फ्लॉवर, कोथिंबीर आणि पुढे बाळासो. माझ्याशी त्यांची वागणूक फार मोकळी. ते माझ्याने सोड्याच्या बाटलीचं बूच काढत, पाठ खाजवत, आणि सांगायला बरं वाटत नाही, पण कानही कोरत. तरी माझं कौतुक मात्र गावभर करत. "एका फिरकीत उठती माझी गाडी. दुसऱ्यांदा फिरवावी लागली तर मिशी काढीन." त्यांची मिशी शाबूत राहिली. पुढे धंदा वाढला, त्यांनी मोठा टेम्पो घेतला आणि व्हॅनसकट मी दौंड तालुक्यात खुटबावला आले.

व्हॅन आणली विनोदने, सविताच्या नवऱ्याने. दुधाच्या किटल्या डेअरीला न्यायच्या, एवढाच त्याचा विचार होता. पण सविताने कालव्याच्या रस्त्यावर चार दिवस गाडी शिकून घेतली आणि विचार बदलला. गावातल्या काही बायका कुरकुंभला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला जात. पहाटे चौफुल्यावर जीपची वाट बघायची, तिच्यात मांडीला मांडी चिकटवून बसायचं, असं त्यांचं चाललेलं. सविताने त्यांना विचारलं, त्या हो म्हणाल्या. पारावर कुणीतरी बोललंच, "बाईच्या गाडीत बसून हायवेनं जायचं व्हय?" त्यावर कंपनीत जाणाऱ्यांपैकी सुलक्षणा चालता चालता म्हणाली, "मग तुम्ही न्या खांद्यावर बसवून. निघायचं का आत्ता?" नंतर कुणी विचारलं नाही.

सविताच्या सासूबाई म्हणजे झुंबरबाई. सविता त्यांना आत्या म्हणते. सून पहाटेच्या अंधुक उजेडात हायवेला लागते, मोठमोठे टँकर अंगावरून जातात, हे काही त्यांना बघवत नसे. पण अडवत नव्हत्या. त्यांनी आपला एक उपाय काढला होता. दर अमावस्येला गाडीपुढे नारळ फुटे, लिंबू-मिरची बदले, आणि मग त्या वाटीत हळदकुंकू पाण्यात कालवून आत येत. ओल्या बोटाने माझ्या कुलपाच्या भोकावर टिळा लावत. अगदी भरघोस.

"बॉनेटवर लावा की आत्या," सविता म्हणे.

"बॉनेट म्हंजी गाडीचं पोट. कपाळ कुठं आसतं? जिथनं ती जागी हुती तिथं."

टिळा भोकावर असे आणि दुसऱ्या दिवशी मला त्यातूनच आत जावं लागे. प्रत्येक वेळी थोडं कुंकू माझ्याबरोबर आत जाई. दिसत कुणालाच नव्हतं.

हळूहळू काय झालं, की माझं फिरणं जड झालं. कुलपात मला तीन घरं आहेत. पहिल्यात गाडी बंद. दुसऱ्यात दिवे लागतात. तिसऱ्यात इंजिन उठतं. या तिसऱ्या घरापर्यंत मी पोचेनाशी झाले. पोचले तरी तिथे काही घडत नसे, नुसती टिकटिक. मग सुलक्षणा आणि बाकीच्या बायका डबे सीटवर ठेवून खाली उतरत, पदर खोचत आणि गाडी ढकलत. विनोद पुढे होऊन ओरडे, "लावा जोर!" मागून उत्तर येई, "तुम्ही बोलू नका, हात लावा!" गाडी धापा टाकत सुरू होई. सगळे हसत. पहिल्या काही वेळा हसले, म्हणजे.

एका सोमवारी गाडी ढकलूनही उठली नाही. कंपनीचं गेट बंद झालं आणि सगळ्यांचा खाडा पडला. त्या संध्याकाळी सुलक्षणा एकटी सविताकडे आली. उंबऱ्यातच उभी राहिली.

"सविता, राग धरू नको. आणखी एकदा गेट चुकलं तर ठेकेदार माझं नाव काढणार हाय. तसं सांगितलंय त्यानं. बाकीच्या बी म्हणत्यात, परत जीपच बघू."

"आठ दिवस दे मला," सविता म्हणाली.

"दिले. पण मग न्हाई थांबता यायचं, बाई."

राजनंदिनी तेव्हा मला चघळत बसली होती. सविताने त्या दिवशी मला काढून घेतलं नाही. नुसती बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी चौफुल्याला पप्पूच्या गॅरेजमध्ये ढकलत नेली. पप्पूने कुलूप सोडवलं, आत फवारा मारला आणि खालून लालपिवळा चिखल गळायला लागला. त्याने बोटावर घेतला, वास घेतला.

"वहिनी, हे कुलूप हाय का देव्हारा?"

सविताच्या लक्षात आलं.

"धुऊन दिलं मी, चावी फिरंल आता. पण आतला स्टार्टचा पॉइंट जळालाय. ह्या गाडीचं हे कुलूप आता मिळत न्हाई. मी काय करतो, बटण बसवतो. चावी दुसऱ्या घरापर्यंत फिरवायची, दिवे लागले की बटण दाबायचं. उठवायचं काम त्याचं."

त्याने डॅशबोर्डला भोक पाडलं, स्टीअरिंगच्या खालून वायरी ओढल्या, एक छोटी डबी बसवली आणि शेवटी ते लाल, गोल बटण. सविताने दाबलं. गाडी बाळासोंच्या वेळी उठायची तशी उठली. मित्रांनो, माझं अर्धं काम तिथे संपलं. वाईट वाटलं का? चावीला काय वाटणार? इतकंच म्हणते, की बटण फार चकचकीत होतं.

निघताना सविता पप्पूला म्हणाली, "दादा, ते कुंकवाचं घरी कुणापुढं काढू नका. म्हाताऱ्या माणसाला लागंल."

पप्पू म्हणाला, "मी कशाला काढू? पण तुम्ही काढा."

तिने काढलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिली. सासूबाई ज्या हाताने तिची काळजी करत होत्या, त्या हाताला नाव कसं ठेवायचं, हे तिला सुचत नव्हतं.

आठवडा सरळ गेला. गाडी रोज उठली. आणि दसरा आला.

दसऱ्याला कंपनीला सुट्टी. विनोदने व्हॅन धुतली, झेंडूची माळ बांधली. झुंबरबाई ताट घेऊन आत आल्या. माझ्या कुलपाकडे त्यांनी पाहिलं, मग बटणाकडे पाहिलं. गाडी आता कुठून जागी होते, हे त्यांना विनोदने कौतुकाने दाखवलं होतं. म्हणजे कपाळ हललं होतं. त्यांनी बटणाला हळदकुंकू लावलं, अक्षता चिकटवल्या. आणि नवा पाहुणा घरात आलाय, तर त्याचं तोंड गोड करायला नको का, म्हणून गुळाचा मऊ खडा घेऊन अंगठ्याने बटणावर चांगला दाबून बसवला.

"माझ्या सुनंला सांभाळ रं बाबा," असं त्या बटणाला म्हणाल्या. सविता तेव्हा राजनंदिनीला भरवत होती. तिला हे माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना बायका येऊन बसल्या. सविताने मला दुसऱ्या घरात फिरवलं. बटणाला हात लावायच्या आतच गाडी किंचाळायला लागली. कर्र, कर्र, कर्र, थांबेचना. सुलक्षणा म्हणाली, "अगं बंद कर, बंद कर!" सविताने मला मागे फिरवलं. सगळं शांत. बटण आत रुतून बसलं होतं आणि त्याच्या कडेने मुंग्यांची रांग लागली होती.

सुलक्षणाने वाकून पाहिलं. "गूळ हाय हा! मावशी, तुम्ही बटणाला गूळ चारला?"

बायका खो खो हसल्या. मग एकदम गप्प झाल्या, कारण सुलक्षणा हसत नव्हती. ती रस्त्याकडे बघत होती.

झुंबरबाई दारात उभ्या होत्या. कडेवर राजनंदिनी. त्या बटणाकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. त्या उगाच म्हाताऱ्या झालेल्या नाहीत, हुशार आहेत.

"सविता, आन् ते चावीचं? ते बी माझ्याच कुंकवानं का?"

आता खोटं बोलायला वेळही नव्हता. "व्हय आत्या."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्हाला वाईट वाटंल म्हणून."

"आन् ह्या सुलक्षणाचं काम गेलं असतं तर वाईट वाटलं नसतं व्हय गं मला?" असं म्हणून त्यांनी पोर विनोदकडे दिली आणि आत गेल्या. सविताचा चेहरा उतरला. पण झुंबरबाई लगेच बाहेर आल्या. हातात राजनंदिनीच्या अंघोळीचं ऊन पाणी आणि तिचा मऊ लंगोट होता. फडकं पाण्यात बुडवलं, घट्ट पिळलं आणि बटणावर धरून ठेवलं. गूळ पाझरायला लागला. सुलक्षणाने बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली. सविता कडेकडेने कोरत गेली, झुंबरबाई पुसत गेल्या. दोघींची डोकी एकमेकींना लागत होती.

टक.

बटण वर आलं. सविताने माझी फिरकी मारली, दिवे लागले, बटण दाबलं. गाडी उठली. "निघा आता, बोलत बसू नका," झुंबरबाई म्हणाल्या. बोलत कुणीच नव्हतं.

वरवंड, पाटस गेलं, कुरकुंभ आलं. वॉचमनने गेटला हात घातला होता. सुलक्षणा व्हॅन पुरती थांबायच्या आत उतरली आणि डबा छातीशी धरून धावली. "थांबा हो मामा, थांबा! बटणाला गूळ झाला होता!" वॉचमनला काही समजलं नाही. त्यामुळेच बहुधा तो क्षणभर थांबला, आणि तेवढ्यात सगळ्या आत गेल्या.

पुढच्या अमावस्येला झुंबरबाई वाटी घेऊन आल्या खऱ्या, पण गाडीजवळ उभ्याच राहिल्या. बोट ओलं, आणि लावायचं कुठे ते कळेना. सविताने मला कुलपातून काढलं आणि त्यांच्यापुढे तळहातावर धरलं.

"आत्या, कपाळ हिचं. हिच्याशिवाय बटण बी जागं हुत न्हाई."

झुंबरबाईंनी माझ्या डोक्यावर, राजनंदिनीच्या दातांच्या खळग्यांमध्ये, टिळा लावला. हात जोडले. मग पदराच्या कोरड्या टोकाने मला मागून-पुढून पुसलं, दात्यादात्यांतून पुसलं, उजेडात धरून पाहिलं आणि पुन्हा पुसलं.

मित्रांनो, आमच्यासारख्या मुक्या वस्तूंना सांगता येत नाही, तुम्हाला येतं. तुमची कुणी काळजी करत असेल आणि त्या माणसाचा टिळा चुकीच्या जागी लागत असेल, तर गप्प राहू नका, रागावूही नका. योग्य जागा दाखवा. आणि पूजा झाली की आम्हाला कोरडं करायला विसरू नका.

आता दर अमावस्येला झुंबरबाई मला सविताच्या हातात ठेवतात तेव्हा एवढंच म्हणतात, "घे. पुसून दिलीय."