चपटी गोळी

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. कवचबाबांनी एका भक्ताच्या छातीवर तांब्याचा जाड पत्रा बांधला, दहा पावलांवरून शिष्याने बंदूक झाडली, आणि भक्त नुसता मागे हेलपाटला. पत्र्याला पोचा आला, भोक पडलं नाही. खाली पडलेली गोळी बाबांनी चिमटीत धरून दाखवली. ती बटणासारखी चपटी झाली होती.

"बघा, कशी तोंड पाडून बसलीय," बाबा म्हणाले. "कुणापुढे वाकायचं ते गोळीलाही कळतं. माणसालाच तेवढं कळत नाही."

लोकांनी माना डोलावल्या. गोळीला अक्कल आहे म्हटल्यावर स्वतःची गहाण टाकायला सगळे मोकळे झाले.

मागच्या रांगेत ताई उभी होती. चिलखताच्या पाट्यांवर गोळ्या झाडायच्या आणि त्या किती खोल शिरल्या ते मोजायचं, हे तिचं वीस वर्षांचं काम. तिचा धाकटा भाऊ सुरुंगाच्या दारूच्या कोठारावर पहारेकरी होता. त्याने जाकिटातली पोलादी पाटी काढून बाबांचा पत्रा घातला होता, म्हणून ती त्याच्यासोबत आली होती.

ती गोळी हातोहात फिरत तिच्यापर्यंत आली. तिने नख लावलं, तर नख रुतलं.

"नुसतं मऊ शिसं आहे," बाहेर आल्यावर ती भावाला म्हणाली. "आणि आवाजावरून दारूही अर्धीच भरलेली. कणकेचा गोळा भिंतीवर मारला तर तो पसरतो, आत शिरत नाही. तसंच हे. गोळीचा सगळा जोर स्वतः चपटं होण्यातच संपतो. तुझ्या कोठारावर येणारे पोलादी गाभ्याची गोळी आणतील. ती पसरत नाही. टोक शाबूत ठेवून आत जाते."

"ताई, मी काय खुळा आहे?" भावाने पत्र्याबरोबर मिळालेला कागद खिशातून काढला. "मी बाबांवर विश्वास ठेवलाच नाही. ह्याच्यावर ठेवला."

तिच्याच प्रयोगशाळेचा अहवाल होता. 'पत्रा भेदला गेला नाही.' खाली तिची सही.

दोन महिन्यांपूर्वी एक गिऱ्हाईक पत्रा आणि गोळ्या दोन्ही घेऊन आलं होतं. गिऱ्हाइकाच्या गोळ्या चालतात, असा तिथला नियम. तिने पत्र्याची जाडी मोजली, गोळीचा वेग मोजला, पोचा मोजला. गोळीच्या कठीणपणाचा रकाना तेवढा रिकामा सोडला. प्रयोगशाळेचं गणितच मुळी गोळीचा आकार बदलत नाही असं धरून चालायचं, त्यामुळे तो रकाना कुणीच भरत नसे. ते गिऱ्हाईक बाबांचंच होतं, हे तिला आत्ता कळलं.

"पाटी परत घाल," ती म्हणाली. "उद्या तुझ्यासमोर झाडून दाखवते."

"उद्या बघू. खांदे भरून येतात गं त्या पाटीने."

त्याच संध्याकाळी कोठारावर चोर आले. गोळी पत्र्यातून गेली, जाकिटातून गेली आणि भावातून गेली.

पुढच्या सभेला ताई तो पत्रा घेऊन आली. शेजारी भावजय होती. भोक इतकं साफ होतं की त्यातून पलीकडचे बाबा दिसत होते.

"श्रद्धा कमी पडली असेल त्याची," कुणीतरी म्हणालं. बाबांनी डोळे मिटून दुजोरा दिला.

"तुमची तर पुरेल ना," ताई म्हणाली. "पत्रा तुम्ही बांधा. बंदूक तुमची, गोळी माझी."

बाबांना नेमकं तेव्हाच मौनव्रत आठवलं.

मग तिने त्यांचाच कोरा पत्रा वाळूच्या पोत्यावर बांधला. बाबांची गोळी झाडली, ती चपटी होऊन पडली. मग पोलादी गाभ्याची, पुऱ्या दारूची झाडली. पत्र्याच्या मागून वाळू सांडू लागली. लोक गुपचूप आपापल्या छातीवरचे पत्रे सोडवू लागले.

भावजयीने अहवालाचा कागद उघडला. "आणि ही सही कुणाची, तेही सांगा ना ताई."

"माझी," ताई म्हणाली. "मी पत्रा मोजला, गोळी मोजली नाही. तुम्हीही सगळ्यांनी तेच केलंत, पण माझं ते काम होतं. यापुढे कुणीही असा चमत्कार दाखवला, बाबाने दाखवला नाहीतर शिक्क्याच्या कागदाने, तर आधी विचारा, गोळी कुणी आणली होती? माझ्या भावाने नाही विचारलं. सही बहिणीची होती."